पंप ३० टक्क्यांवर, पण पाईपलाईनचं काय? (हार्ट फेल्युअर आणि रक्तवाहिन्या)

मळेवाट | १२ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय.

बाबा ६८ वर्षांचे. वाळवा तालुक्यात चाळीस वर्षं मोटर रिवाइंडिंग आणि शेतीपंपांची दुरुस्ती केली. गेल्या श्रावणात अटॅक आला, एक स्टेंट पडला. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप शरीराला पुरा पडत नाही. घरी सोडताना कागदावर लिहून मिळालं : 'एलव्हीईएफ ३०%' (थोडक्यात ईएफ : हृदयाचा डावा मुख्य कप्पा एका ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो). आमच्या घरात हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा वाचला गेला. ३५ ला पास, म्हणजे बाबा नापास. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, ५५ ते ७० टक्केच टाकतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग जे घरोघरी होतं ते झालं. आत्या म्हणाली पलंगावरून उतरू देऊ नका. शेजारचे म्हणाले जिना बंद. बाबा तीन महिने ओसरीवरच्या खुर्चीत. गोळ्या वेळेवर, मीठ कमी, पायांवर सूज नाही, छातीत पाणी नाही. तरी न्हाणीपर्यंत जाऊन आले की गळून जायचे. मी विचारायचो, दम लागतोय का? तर म्हणायचे, "दम न्हाई रं, पायच उचलत न्हाईत. वाळूत चालल्यागत वाटतंय."

नोव्हेंबरच्या तपासणीला एका तरुण डॉक्टर मुलीने त्यांच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "काका, हृदय होतं तसंच आहे. पाय मात्र बसून बसून गेलेत. चालायला लागा." बाबांनी तिला तिथल्या तिथे विचारलं, "बाई, पंप तीसवर आहे हे समजलं. पाईपलाईन कुणी बघितली का?"

ती हसली नाही. म्हणाली, "अगदी बरोबर प्रश्न विचारलात."

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. मला समजलेलं असं. रक्तवाहिनीच्या आत पेशींचा एकच पातळ थर असतो, एन्डोथेलियम. रक्त जोरात वाहू लागलं की त्या घसटीने हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो, त्याने बाहेरचा स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. चालताना मांड्यांना जास्त रक्त मिळतं ते बरंचसं यामुळे. हार्ट फेल्युअरमध्ये हाच थर सुस्तावतो. त्यात पंप कमी पडतोय म्हटल्यावर दाब टिकवायला शरीर स्वतःच वाहिन्या आवळून धरतं. माणूस बसून राहतो, प्रवाह आणखी मंदावतो, प्रवाह मंद म्हणून थर आणखी सुस्त. चक्र चालूच.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पाणी सोडत ऱ्हायलं तर लाईन उघडी ऱ्हाणार."

डिसेंबरपासून डॉक्टरांना विचारून दोन गोष्टी चालू आहेत. सकाळ-संध्याकाळ फाटकापासून मारुतीच्या देवळापर्यंत चालणं (मध्ये वाण्याच्या कट्ट्यावर थांबा) आणि सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याची गुंडाळी करून ती मुठीत दाबणं-सोडणं. मुठीच्या व्यायामाने हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या हातातली रक्तवाहिनी सुधारली, असं एका जुन्या प्रयोगात वाचलं म्हणून ती गुंडाळी. बाबांना ती फार आवडलीय, बातम्या बघताना चालूच असते.

इथे कुणाच्या घरी हा अनुभव आहे का? गोळ्या, व्यायाम, खाणं, कशाने रक्तवाहिन्यांना खरोखर फरक पडतो? व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान भरपूर झालंय, ते नको.

---

उगाच_एक | १२ जानेवारी, रात्री १०:०२

वाचतोय. बाबांना साष्टांग नमस्कार.

---

कंपाउंडर | १२ जानेवारी, रात्री ११:१५

आयडी कंपाउंडर असला तरी पोटापाण्यासाठी फिजिशियन आहे. तुमच्या बाबांना प्रत्यक्ष तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

चांगलं लिहिलंय. त्या थराची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९८० पर्यंत बहुतेक लोक एन्डोथेलियमला नळीच्या आतलं निव्वळ अस्तर समजत. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन घालून बघत होते. जिवंत प्राण्यात या द्रव्याने वाहिनी सैल पडते, त्यांच्या पट्ट्या मात्र आखडायच्या. शेवटी उलगडलं की पट्टी कापताना आतली बाजू घासली जायची आणि अस्तर निघून जायचं. अस्तर शाबूत ठेवलं की पट्टी सैल. म्हणजे हुकूम अस्तराचा. तो हुकूम घेऊन जाणारा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे कळलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना त्यावरच. आणि ज्याच्या नावाचं पारितोषिक, त्या आल्फ्रेड नोबेलना शेवटच्या काळात छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीन सांगितलं होतं. तेच त्यांच्या डायनामाइटमधलं. ते काम करतं तेही नायट्रिक ऑक्साइड सोडूनच.

आता मुद्दा. बाबांच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? कारण रक्तवाहिन्यांसाठी 'वेगळं काहीतरी' शोधणाऱ्यांना बऱ्याचदा माहीत नसतं की त्यांच्या नेहमीच्या डबीतल्या गोळ्या हेच काम करताहेत.

---

मळेवाट | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

@कंपाउंडर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, एक बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, डॅपाग्लिफ्लोझिन, शिवाय स्टेंटसाठी रक्त पातळ करणाऱ्या दोन आणि स्टॅटिन. बाबा डबीला 'स्टार्टर पॅनेल' म्हणतात.

---

कंपाउंडर | १३ जानेवारी, दुपारी २:०५

उत्तम. पहिल्या चार म्हणजे आजच्या उपचाराचे चार खांब.

वाहिन्या आवळणाऱ्या संदेशांत अँजिओटेन्सिन हा मोठा खलनायक. तो वाहिनी आवळतो, शिवाय नायट्रिक ऑक्साइड नासवून टाकणारी रसायनं वाढवतो. १९८७ मध्ये अतिशय आजारी २५३ रुग्णांवर एनालाप्रिल वापरून मृत्यू कमी होतात हे दिसलं, तिथून चित्र पालटलं. २०१४ मध्ये तुमच्या बाबांच्या सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची त्याच एनालाप्रिलशी ८,४४२ रुग्णांवर तुलना झाली आणि हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती हे आणखी २० टक्क्यांनी कमी झालं. स्पायरोनोलॅक्टोननेही १९९९ च्या चाचणीत गंभीर रुग्णांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले होते.

म्हणून एकच विनंती. चालणं जमू लागलं की 'आता गोळ्या हळूहळू कमी करू' हा विचार घरात शिरतो. शिरू देऊ नका.

---

घर्षण | १३ जानेवारी, रात्री ८:३०

मेकॅनिकलवाला असल्याने राहवत नाही. बाबांची उपमा झकास आहे. नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या फक्त १० टक्के वाढली तर त्याच दाबाला प्रवाह साधारण ४६ टक्के वाढतो. अर्ध्या इंचीच्या जागी पाऊण इंची पाईप टाकला की काय होतं ते ज्याने बागेला पाणी घातलंय त्याला विचारा.

पण उपमा एका ठिकाणी फसते. पीव्हीसी पाईप रुंद केला तर पंपाला फक्त आराम. इथे सगळ्याच वाहिन्या एकदम सैल सोडल्या तर दाबच पडेल ना? मग माणूस उभा राहिला की चक्कर?

---

कंपाउंडर | १३ जानेवारी, रात्री ९:५०

@घर्षण, नेमकं बोललात. अमेरिकेत १९८६ मध्ये ६४२ पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला. एका गटाला हायड्रलॅझिन आणि नायट्रेट, दुसऱ्याला प्राझोसिन, तिसऱ्याला नुसत्या खोट्या, औषध नसलेल्या गोळ्या. प्राझोसिनही वाहिन्या सैल करतं, दाबही त्यानेच जास्त उतरला. जगण्यात फरक मात्र शून्य, खोट्या गोळ्यांइतकाच. पहिल्या जोडीने मृत्यू कमी झाले.

तेव्हा वाहिनी नुसती रुंद करून भागत नाही. मागणी असेल तिथे, असेल तेव्हा रुंदावण्याची तिची अक्कल परत यायला हवी. आणि ती कोणत्या वाटेने येते यालाही महत्त्व आहे.

---

पायपीट | १४ जानेवारी, सकाळी ११:१०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. (हार्ट फेल्युअरवाल्यांनी तीळ जास्त, गूळ चवीपुरता.)

मी पुण्यात कार्डियाक रिहॅबमध्ये (हृदयरुग्णांना व्यायामाने परत उभं करणारं केंद्र) फिजिओथेरपिस्ट आहे. दोन गोष्टी सांगते, एक आवडेल, एक कदाचित नाही.

तो मुठीचा प्रयोग १९९६ चा, जर्मनीतला. हार्ट फेल्युअरच्या १२ रुग्णांनी रोज अर्धा तास, चार आठवडे मुठीचा व्यायाम केला. मनगटातली वाहिनी प्रवाह वाढल्यावर जास्त रुंदावू लागली. पण थांबल्यावर सहा आठवड्यांनी पाहिलं तर कमावलेलं सगळं गेलेलं. लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवता येत नाही, रोजच्या भाकरीसारखं रोज थापावं लागतं.

न आवडणारं असं की मुठीचा फायदा मुख्यतः त्या हातापुरता. बाबांची तक्रार पायांची आहे! पायांच्या व्यायामावर लायप्झिगच्या गटाने काम केलं. १९९८ मध्ये त्यांनी दाखवलं की सहा महिने सायकल मारल्यावर पायातल्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद सुधारला. २००१ मध्ये तर त्याहून गमतीचं : व्यायाम पायांचा, पण सुधारणा हाताच्या वाहिनीत दिसली. मोठे स्नायू हलले की निरोप सगळीकडे जातो. तेव्हा ट्यूबची गुंडाळी चालू द्या, काही बिघडत नाही (दाबताना श्वास कोंडायचा नाही, जीव तोडून दाबायचं नाही), पण मुख्य खातं चालण्याचं.

बीटा ब्लॉकर चालू असताना नाडी मोजून व्यायामाचा जोर ठरवू नका, ती गोळीमुळे दबलेलीच असते. मी रुग्णांना सांगते, चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. गाता आलं तर थोडा वेग वाढवा. बोलता बोलता वाक्य तुटलं तर थांबा. सुरुवातीला पाच मिनिटंसुद्धा पुरे, दोन मिनिटं चाल, एक मिनिट थांब, परत दोन. वाण्याचा कट्टा म्हणजे आयतं इंटरव्हल ट्रेनिंगच. आणि शेवटची पाच-दहा मिनिटं वेग हळूहळू उतरवा. चालून आल्या आल्या गरम पाण्याच्या अंघोळीला तर मुळीच पळायचं नाही. वाहिन्या आधीच उघडलेल्या, त्यात गरम पाणी, दाब पडून माणूस न्हाणीत कोसळतो.

वजन रोज सकाळी. तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं, पायावर मोज्याचा वळ उमटू लागला, रात्री उशी वाढवावी लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन.

---

राईनकाठची | १४ जानेवारी, रात्री ११:४०

जर्मनीत राहते, म्हणून हात वर करते. माझ्या सासऱ्यांना (ते इथलेच) हार्ट फेल्युअर आहे. इथे 'हेर्त्सग्रुपऽ' म्हणजे हृदयगट असतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विमा कंपनी साधारण ९० सत्रांचे पैसे देते, २४ महिन्यांत संपवायची. आठवड्यातून एकदा शाळेच्या जिममध्ये दहा-पंधरा आजी-आजोबा चेंडू फेकताहेत, खुर्चीवर ऊठबस करताहेत. सासरे जातात ते मुख्यतः नंतरच्या कॉफीसाठी, पण जातात.

माझा प्रश्न वेगळाच आहे. इथे साउनाचं वेड. सासरे म्हणतात त्याने रक्तवाहिन्या उघडतात. खरं का?

---

कंपाउंडर | १५ जानेवारी, दुपारी १:३०

अगदीच खोटं नाही. जपानमध्ये ६० अंशांच्या कोरड्या उष्णतेत १५ मिनिटं आणि मग पांघरूण घेऊन अर्धा तास पडून राहायचं, अशी पद्धत वापरतात. २००२ मध्ये तिने दोन आठवड्यांत एन्डोथेलियमचं काम सुधारल्याचं दिसलं. पण रुग्ण मोजके, शिवाय ते रुग्णालयाच्या देखरेखीखाली. युरोपातला साउना ८०-९० अंशांचा आणि वर थंड पाण्यात उडी. ते आणि हे एक नव्हे. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कुणी 'आमच्याकडे वाफाऱ्याची पेटी आहे, बाबांना बसवू का' विचारायच्या आत सांगतो : नका बसवू.

---

हिरवीपात | १६ जानेवारी, सकाळी ८:००

एवढी चर्चा आणि बिटाचं नाव नाही? बिटात नायट्रेट असतं, त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं. निसर्गानेच दिलेलं औषध. माझ्या काकांनी रोज ग्लासभर रस घेतला, तीन महिन्यांत ईएफ ३५ वरून ४५. गोळ्यांच्या लॉबीला हे सांगायचं नसतं.

---

कंपाउंडर | १६ जानेवारी, दुपारी ३:१०

लॉबीकडून सादर उत्तर.

नायट्रेटचं खरं आहे. गंमत म्हणजे त्यातला अर्धा कारखाना आपल्या जिभेवर आहे. तिथले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, पुढे शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड. जंतुनाशक माउथवॉशने खळखळून चुळा भरल्या की कारखाना बंद.

२०१५ मध्ये १७ रुग्णांवर बिटाच्या रसाचा छोटा प्रयोग झाला, व्यायामाची क्षमता थोडी वाढली. पण ते रुग्ण ईएफ चांगला असलेल्या प्रकारातले होते. ताठरलेलं हृदय, आकडा ५० च्या वर, तरी धाप. धागाकर्त्याच्या बाबांचा प्रकार वेगळा. आणि त्याच ताठर प्रकारात पुढे १०५ रुग्णांना नायट्राइट श्वासावाटे देऊन पाहिलं, २०१८ ला निकाल आला : फायदा नाही. त्याआधी २०१५ मध्ये नायट्रेटच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर रुग्णांची दिवसभरातली हालचाल उलट घटली. कागदावर रसायनशास्त्र कितीही सुंदर दिसलं तरी माणूस चालेल की नाही ते माणूसच ठरवतो.

काकांचा ईएफ वाढला, आनंद आहे. त्याच तीन महिन्यांत त्यांच्या गोळ्याही चालू असतील, आणि अटॅकनंतर काही हृदयं सावरतातच. कोशिंबिरीत बीट खुशाल खा. मात्र स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन चालू असताना रोज ग्लासभर रस म्हणजे पोटॅशियमशी खेळ. या गोळ्यांनी ते रक्तात वाढतं, बिटातही ते असतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

---

नारळीपौर्णिमा | १६ जानेवारी, रात्री ९:२०

पोटॅशियमवरून आमची कथा ऐका, म्हणजे कुणाच्या घरी होणार नाही.

रत्नागिरीजवळचे आम्ही. आईला हार्ट फेल्युअर, स्पायरोनोलॅक्टोन चालू. घरचे माड, त्यामुळे रोज एक शहाळं, 'अशक्तपणाला चांगलं' म्हणून. त्यात माझ्या वहिनीने प्रेमाने 'लो सोडियम' मीठ आणलं, कारण डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं. पुडक्यावर मागे बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं कुणी वाचतं का? दोन आठवड्यांनी आई म्हणू लागली हातपाय गळाल्यासारखे वाटतात. आम्ही अजून एक शहाळं वाढवलं! नेहमीच्या रक्ततपासणीत पोटॅशियम ६.१, म्हणजे धोक्याइतकं जास्त. लॅबवाल्याचा फोन आला, रिक्षात घालून नेलं, ईसीजी, रात्रभर मॉनिटर. वाचली.

आता घरात साधं मीठ, पण मोजून. शहाळी भाऊ पितो.

---

मळेवाट | १६ जानेवारी, रात्री १०:०५

बापरे. आमच्याकडेही तसल्या मिठाचं पुडकं आहे. उठून बघून आलो. मागे तेच लिहिलंय. उद्यापासून बंद. @नारळीपौर्णिमा, मनापासून आभार.

---

शंकेखोर | १७ जानेवारी, दुपारी १२:४५

सगळं ठीक. पण या प्रयोगांत अल्ट्रासाउंडवर वाहिनी दोन-चार टक्के जास्त रुंदावली याने पेशंटला काय मिळालं? व्यायामाने माणूस जास्त जगतो असा पुरावा आहे का? की आपण गोड आकड्यांवर खूश?

---

पायपीट | १७ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

प्रश्न रास्त आहे, तर उत्तर साखर न घालता.

सर्वात मोठी चाचणी २००९ ची, २,३३१ रुग्ण. आधी देखरेखीखाली ३६ सत्रं, मग घरी. मृत्यू किंवा भरती यांत सरळ हिशेबाने ठळक फरक निघाला नाही. रुग्ण मुळात किती आजारी होते ते धरून हिशेब केला तेव्हा थोडा फायदा दिसला. जगण्याचा दर्जा सुधारला आणि व्यायाम सुरक्षित ठरला. तेव्हा व्यायाम म्हणजे आयुष्य वाढवणारी जादू असं मी कुणालाही सांगत नाही. त्यात अनेक जणांनी घरी गेल्यावर ठरलेला व्यायाम केलाच नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं. माझ्या रोजच्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं!

मध्ये जोरकस इंटरव्हलची लाट आली होती. २००७ मध्ये २७ रुग्णांवर फार सुंदर निकाल. २०१७ मध्ये २६१ जणांवर करून पाहिलं तर मध्यम गतीच्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. म्हणून यूट्यूब बघून आजोबांना धावायला लावू नका.

पण सहा मिनिटांत २४० मीटर चालणारा माणूस ३०० चालला, तर स्वतःच्या पायांनी दुकानात जाऊन दूध आणतो. माझ्या पेशंटना ईएफपेक्षा ते दूध मोठं वाटतं. तुम्ही याला गोड आकडा म्हणा हवं तर.

---

शंकेखोर | १७ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

पटलं. आयडी बदलावा लागेल.

---

वाकडी_वाट | १९ जानेवारी, सकाळी १०:२०

आमच्या शहरात एक केंद्र 'ऑपरेशनशिवाय नैसर्गिक बायपास' म्हणून ईईसीपी करतं. पायांना पट्टे बांधून मशीनने दाबतात. ३५ दिवस, रोज तासभर. पत्रकावर लिहिलंय 'नवीन रक्तवाहिन्या तयार होतात'. वडिलांचा ईएफ ३२. भरपूर पैसे सांगताहेत. करावं का? त्यांचा माणूस म्हणाला कोर्स झाला की गोळ्याही कमी होतील.

---

कंपाउंडर | १९ जानेवारी, रात्री ८:४०

यंत्र खोटं नाही. पोटरी, मांडी आणि नितंबांना बांधलेले पट्टे हृदय विसावलेलं असतानाच फुगतात आणि रक्त उलटं वर ढकलतात. घसट वाढते, त्यामुळे एन्डोथेलियमला चालना मिळते, हा तर्क या धाग्यातलाच. औषधं घेऊन आणि स्टेंट, बायपासचा विचार करूनही छातीत दुखत राहणाऱ्यांना कधीकधी देतात.

हार्ट फेल्युअरसाठी २००६ ची १८७ रुग्णांची चाचणी आहे. व्यायामाचा वेळ थोडा वाढला, पण शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढली नाही. तेव्हा याला 'बायपास' म्हणणं म्हणजे मालिश केलं आणि हाड बसवलं म्हणण्यासारखं. शिवाय पायातल्या शिरेत गुठळी, महाधमनीच्या झडपेची मोठी गळती, अंगात पाणी साचलेलं, अशांना ते धोक्याचं. आणि गोळ्या कमी होतील हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

तेच पैसे चांगल्या रिहॅबमध्ये घाला, उरतील.

---

उगाच_एक | १९ जानेवारी, रात्री ९:००

माझा जिमवाला पुतण्या म्हणतो आर्जिनिनची पावडर घ्या, नायट्रिक ऑक्साइडचा कच्चा माल तोच. हे तरी खरं का हो डॉक्टर? (पुतण्याला हरवायचंय.)

---

कंपाउंडर | १९ जानेवारी, रात्री ९:३५

कच्चा माल तोच, बरोबर. पण कारखाना कच्च्या मालाविना बंद नाही, कामगार आजारी आहेत. हार्ट अटॅकनंतर १५३ रुग्णांवर आर्जिनिनची चाचणी झाली, २००६ ला छापून आली. आर्जिनिनच्या गटात सहा मृत्यू, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवली. पुतण्याला सांगा, अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या घरात तो डबा नको.

हां, आणि अजून एक, न विचारता. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हार्ट फेल्युअरमध्ये घेऊ नये. पाणी साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो. तसंच तंबाखू. ओढलेला, चघळलेला, आणि आपल्याकडच्या आज्यांची मिश्रीसुद्धा. 'मी कुठं खाते, दातच घासते' असं म्हणतात. शिरा दातांच्या हिशेबाने आखडत नाहीत.

---

मळेवाट | ६ एप्रिल, रात्री ९:१०

धागा वर काढतो, अपडेट द्यायचं राहिलं.

जानेवारीअखेर सहा मिनिटांच्या चालण्यात बाबांचे २४० मीटर झाले होते. फेब्रुवारीत चुलत भावाचं लग्न, पाहुणे, जेवणावळी. पाच आठवडे चालणं बंद. मार्चच्या सुरुवातीला देवळापर्यंत दोनदा बसावं लागलं. @पायपीट यांच्या 'रोजच्या भाकरीची' आठवण झाली. परत पाच मिनिटांपासून सुरू केलं. आता कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात वजन आणि 'फेऱ्या' लिहितात, पूर्वी मोटरचे नंबर लिहायचे तसे.

परवा तपासणी झाली. सहा मिनिटांत ३३० मीटर. इको (हृदयाची सोनोग्राफी) : ईएफ ३३.

घरचे ३३ वर नाचताहेत. तीन टक्के म्हणजे खरंच वाढ का?

---

कंपाउंडर | ६ एप्रिल, रात्री १०:२५

अभिनंदन! पण ते ३३० साठी. ईएफचा दोन-तीनचा फरक इकोमध्ये बघणाऱ्याच्या हातानेही पडतो. उद्या दुसऱ्याने केलं तर ३० किंवा ३५ येईल. हृदय आहे तिथेच आहे असं धरा. ९० मीटर मात्र मोजमापातली चूक नव्हे, ते पायांनी, वाहिन्यांनी आणि बाबांनी मिळून कमावलेत.

---

घर्षण | ७ एप्रिल, सकाळी ९:००

म्हणजे पंप तोच, मोटर तीच, डिस्चार्ज वाढला. बाबांना विचारा, फूट व्हॉल्व्ह (पाणी मागे परतू न देणारी झडप) तपासला का?

---

मळेवाट | ७ एप्रिल, रात्री ८:१५

@घर्षण, विचारलं. इकोचा कागद चष्मा लावून परत वाचला आणि म्हणाले, "हृदयातल्या मायट्रल झडपंचं लीक माइल्ड लिहिलंय. एवढं थेंब थेंब चालतंय, चार पावसाळं काढंल."